सत्तरीनंतरची त्वचा: साबण, तेल की क्रीम? रोज काय आणि किती?

सई_कोथरूड
दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की घरोघरच्या आजीआजोबांची तक्रार ठरलेली. नडग्यांवर खवल्यांसारख्या पांढऱ्या रेघा, नखाने ओढलं तर पाटीवर पेन्सिल उठावी तशी रेघ उठते, आणि रात्री पांघरुणात शिरलं की खाज. त्यावर बहुतेक घरांत जे केलं जातं त्याने त्रास वाढतोच. पाणी आणखी कढत, साबण आणखी घासून, वरून अंगभर पावडर. "थोडं तेल लावा" असं सगळे सांगतात, पण थोडं म्हणजे किती, अंघोळीआधी की नंतर, पायाच्या बोटांमध्ये लावायचं की नाही, हे कोणी सांगत नाही.

सत्तरीपुढच्या माणसांच्या रोजच्या निगेबद्दल इथे नेमकी माहिती जमवू या. महागड्या क्रीमची नावं नकोत. साबण लावायचा तर कुठे, तेल बरं की क्रीम, रोज किती लागतं, आणि काय दिसलं की घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठायचा, एवढं कळलं तरी पुष्कळ. मधुमेह्यांच्या पायांबद्दल आणि अंथरुणाला खिळलेल्यांबद्दलही लिहा. तिथली चूक फार महागात पडते.

त्वचावैद्य
आधी कारण सांगतो, म्हणजे पुढचे उपाय पटतील.

वयाबरोबर तेलग्रंथींचं काम मंदावतं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हे लवकर जाणवतं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचं लिंपण असतं. म्हातारपणी हे लिंपण विरळ होतं, आणि एकदा धुऊन निघालं की भरून यायला तरुणपणापेक्षा बराच जास्त वेळ घेतं. मग फटींतून पाणी उडतं, त्वचा आक्रसते, बारीक चिरा पडतात आणि खाज सुटते. नडग्यांवर तेलग्रंथी मुळातच कमी, म्हणून सुरुवात तिथून होते.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५. नेहमीच्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १०. मळाबरोबर तो लिंपणही ओढून नेतो. म्हणून साबण काखा, जांघा, बैठकीची जागा आणि पावलं एवढ्यापुरता ठेवा. हात, पाय, पाठ, पोट यांना रोज नुसतं पाणी पुरतं.

रानवारा
पण साबणाचा फेस अंगभर झाला नाही तर अंघोळ झाली असं जुन्या माणसांना वाटतच नाही. जास्त टीएफएमचा साबण दिला तर चालेल ना?

औषधपेटी
टीएफएमबद्दल गैरसमज फार आहे. ते साबणातल्या एकूण स्निग्ध द्रव्याचं प्रमाण. भारतीय मानकांत पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपला ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीला ७० आणि तिसऱ्या प्रतीला ६० टक्के लागतं. ज्या वडीवर 'बेदिंग बार' लिहिलेलं असतं तिला ४० टक्केही पुरतं. आकडा जास्त म्हणजे भेसळ, भराव कमी आणि वडी जास्त दिवस टिकते. पण ७६ टक्क्यांचा साबणही अल्कधर्मीच असतो, त्वचेला तो सौम्य लागेल असं त्यावरून ठरत नाही.

फेस हवाच असेल तर सिंडेट वडी द्या. ती साबणाची नसते, वेगळ्या धुणाऱ्या द्रव्यांची असते आणि तिचा पीएच ५.५ ते ७ च्या आसपास राहतो. बोअरच्या जड पाण्यात फरक हाताला कळतो. साध्या साबणाचा कॅल्शियमबरोबर चिकट साका होतो, बादलीच्या कडेला दिसतो तोच, आणि तो अंगावरही राहतो. सिंडेटचा होत नाही. मात्र ती वडी ओल्या साबणदाणीत चार दिवसांत लगदा होते. जाळीच्या साबणदाणीत उभी ठेवा.

माजघर
साबण नको तर डाळीचं पीठ आहेच की. आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बेसन आणि साय लावत आल्या. मुलतानी मातीसुद्धा.

त्वचावैद्य
माजघरताई, सायीत स्निग्धांश आहे, तिथवर ठीक. पण मुलतानी माती तेल शोषून घेते, म्हणजे कोरड्या त्वचेवर नेमकं नको तेच करते. बेसन दळणाचं जाडसर असेल तर पातळ त्वचेवर सूक्ष्म ओरखडे उठतात, आणि स्तनांखाली किंवा जांघेत राहिलेलं पीठ ओलाव्यात आंबून बुरशीला खाद्य होतं.

दिवाळीचं उटणं चुकवू नका, पण सत्तरीपुढच्यांसाठी ते वस्त्रगाळ करून घ्या. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा यांचे बारीक तंतू चाळणीतूनही जातात, मलमलीच्या फडक्यातून जात नाहीत. आधी अंगाला तेल, मग उटणं दुधात सैल कालवून तळहाताने नुसतं फिरवायचं, चोळायचं नाही. वाळू न देता धुवायचं. कोपरापासून मनगटापर्यंत जिथे जांभळे डाग पडलेले असतात, तिथे उटणं नकोच.

विसण
पाण्याबद्दल लिहितो. वय झालेल्यांना गार पाणी सोसत नाही हे खरं, पण 'सोसेल तेवढं गरम' ही मोजणी चुकीची, कारण पावलांना आणि हातांना जाणवणारा चटका वयाबरोबर आणि मधुमेहाने बोथट होतो. गीझर ६० अंशांवर असेल तर ते पाणी काही सेकंदांत भाजतं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. हा क्रम पाळला की विसण घालायचं विसरलं तरी भाजत नाही. तपासायचं कोपराने, बोटांनी नाही. कोपर बुडवल्यावर पाणी गरम न लागता नुसतं उबदार वाटलं की बरोबर. अंघोळ दहा मिनिटांच्या आत आटपा.

पंचा मऊ जुना घ्या आणि टिपा. घासून पुसू नका. टर्किश टॉवेल नवा असेल तर दोनदा धुतल्याशिवाय देऊ नका.

कोकणस्थळ
तेलाची बाजू कोणी घेत नाही म्हणून मी घेतो! खोबरेल तेल उत्तम आहे आणि त्याला आधारही आहे. कोरड्या त्वचेवर त्याची मिनरल ऑइलशी तुलना झाली तेव्हा ते तोडीस तोड ठरलं. मोहरीचं तेल मात्र टाळा, ते लिंपण बिघडवतं. ऑलिव्ह तेलाचंही तसंच, त्यातलं ओलेइक आम्ल जास्त पडतं.

टाचांच्या भेगांना कोकणात आणि गोव्यात भिरंडेल लावतात, म्हणजे रातांब्याच्या बियांचं तेल. ते घरातल्या तापमानाला घट्ट, मळकट पांढऱ्या गोळ्याच्या रूपात मिळतं. सुपारीएवढा तुकडा वाटीत घालून वाटी गरम पाण्यात धरा, पातळ झालं की बोटाने भेगेत भरा. गार होताना ते भेगेतच घट्ट होतं, म्हणून लवकर निघून जात नाही. वर सुती मोजे. चुलीवर थेट तापवून लावू नका, तापलेलं तेल भेगेत शिरलं तर पोळतं.

त्वचावैद्य
कोकणस्थळ, सहमत, फक्त वेळेबद्दल एक. अंघोळीआधी लावलेलं तेल साबणाने निघून जातं, शिल्लक राहतो तो फक्त चोळल्याचा आराम. तेल किंवा क्रीम, दोन्ही अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, त्वचा दमट असतानाच. तेल पाणी आणत नाही, असलेलं अडवतं. कोरड्या ठणठणीत त्वचेवर तेल म्हणजे रिकाम्या माठावर झाकण.

क्रीममध्ये तीन गोष्टी पाहा. पाणी धरणारं काहीतरी, म्हणजे ग्लिसरीन किंवा युरिया. फटी भरणारं, म्हणजे सेरामाइड किंवा स्निग्धाम्लं. आणि वरून झाकणारं, म्हणजे व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन. साधी पेट्रोलियम जेली झाकण्याच्या कामात अजून पहिली आहे. अंगाला युरिया ५ ते १० टक्के, टाचेच्या जाड कातडीला २० टक्क्यांच्या वर. रक्त दिसणाऱ्या भेगेवर युरिया किंवा लॅक्टिक आम्ल लावलं तर कळ मस्तकात जाते. आधी दोनतीन दिवस नुसती जेली लावून भेग मिटू द्या. सुगंध जितका कमी तितकं बरं.

सई_कोथरूड
आणि प्रमाण? माझा मूळ प्रश्न तिथेच अडलाय.

औषधपेटी
त्याचं माप बोटाच्या पेरात आहे. ट्यूबच्या नेहमीच्या तोंडातून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली रेघ म्हणजे एक माप, साधारण अर्धा ग्रॅम. एवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चेहरा आणि मान अडीच मापं, एक पूर्ण हात पंजासकट चार, एक पूर्ण पाय पावलासकट आठ, पुढचं धड सात, पाठ सात.

आता हिशोब करा. फक्त हातपाय घेतले तरी दोन हात आठ, दोन पाय सोळा, एकूण चोवीस मापं, म्हणजे १२ ग्रॅम एका वेळेला. दिवसातून दोनदा म्हणजे २४ ग्रॅम. महिन्याला ७२० ग्रॅम! १०० ग्रॅमची ट्यूब चार दिवस जाते. घरोघरी तीच ट्यूब दोन महिने पुरवली जाते आणि मग 'क्रीमचा गुण येत नाही' म्हणतात. म्हणून सुगंधी लहान बाटल्यांवर पैसे घालण्यापेक्षा ४००-५०० ग्रॅमचा साधा डबा घ्या. खाज बसली, खवले गेले की एक वेळ पुरते, म्हणजे महिन्याला ३६० ग्रॅम.

पाऊलवाट
औषधपेटी यांचा हिशोब कापून फ्रिजवर लावावा असा आहे. +१

सिडको_अण्णा
महिन्याला पाऊण किलो क्रीम पेन्शनीत कसं बसायचं? परवडणारा मार्ग सांगा.

औषधपेटी
अण्णा, आहे मार्ग. नडग्या, कोपर, हाताची मागची बाजू इथे क्रीम, बाकी अंगाला ओलेत्यानेच खोबरेल. हातपायांना तेल चमचाभर पुरतं, पसरतं जास्त. दुसरं म्हणजे ग्लिसरीन. निव्वळ ग्लिसरीन चिकटतं, म्हणून एक भाग ग्लिसरीन, तीन भाग उकळून गार केलेलं पाणी. लावून झालं की त्यावर जेलीचा पातळ हात. हे मिश्रण दोन दिवसांपुरतंच करा, त्यात टिकवणारं काही नसल्याने बाटलीत जंतू वाढतात.

निवारा
दोन धोके इथे लिहून ठेवते, कारण ते क्रीमच्या डब्यावर नसतात.

पहिला घसरण्याचा. न्हाणीघरात उभ्याने तेल लावलं की दोन थेंब फरशीवर पडतातच, आणि ओल्या फरशीवरचं तेल डोळ्याला दिसत नाही. खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. न्हाणीघराबाहेर खुर्ची, खुर्चीखाली जुना पंचा, बसून आधी हात, मग पाय, तळवे सगळ्यात शेवटी आणि लगेच मोजे किंवा खडबडीत तळाच्या सपाता. खुर्चीच्या दांड्यांना लागलेलं तेल पुसा. पाठीला हात पोचत नसेल तर सुती फडक्याच्या लांब पट्टीवर क्रीम घ्या आणि पाठ पुसताना पंचा ओढतो तशी ओढा.

दुसरा आगीचा. पॅराफिन कपड्यात मुरतं आणि साठत जातं. असा पदर, शाल किंवा बँडेज निरांजनावर, उदबत्तीवर, गॅसवर आलं तर साध्या कापडापेक्षा फार लवकर आणि भडकून पेटतं. साध्या धुण्याने ते पूर्ण निघत नाही. पूजेला बसण्याआधी लावायचं असेल तर आधी हात कोरडे पुसा आणि पदर खोचा. रात्रीचे क्रीमचे कपडे वेगळे ठेवा.

गोदाकाठ
निवारा, फार मोलाचं लिहिलंत. देवघरासमोर बसणाऱ्या प्रत्येक आजीच्या घरच्यांनी हे वाचावं.

मधुमालती
आता मधुमेह्यांचे पाय. इथे नियम थोडे वेगळे आहेत, म्हणून सविस्तर.

मधुमेहाने पायाचा घाम कमी होतो, म्हणून टाचा जास्त कोरड्या. संवेदना कमी, म्हणून भेग पडलेली कळत नाही. रक्तपुरवठा कमी, म्हणून भरत नाही. तिन्ही एकत्र आले की भेगेची जखम होते. रोज रात्री पावलं पाहायची. खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून तळवा त्यावर धरायचा, दिसायला कमी असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी पाहायचं. बोटांच्या बेचक्यात पांढरा ओलसर पापुद्रा दिसतो का, नखाच्या कडेला सूज आहे का, चपलेच्या पट्ट्याखाली लाल किंवा काळसर खूण आहे का.

क्रीम टाचेला आणि तळव्याला, बोटांच्या बेचक्यात नाही. तिथे ओल अडकते आणि चिखल्या होतात. बेचके कोरडे टिपायचे, एकेक करून, मऊ फडक्याचं टोक घालून.

वज्रीने टाच घासायची सवय इथे सोडायची. धातूची वज्री तर नकोच. जाड कातडी सोलायला ब्लेड नको. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या गोल पट्ट्या लावू नका, त्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही आणि बधिर पायाला पोळल्याचं कळत नाही. गरम पाण्यात पाय सोडून बसणंही नको. नखं सरळ कापा, कोपरे आत गोल कोरू नका. जाड झालेली नखं अंघोळीनंतर मऊ असताना कानशीने थोडी थोडी झिजवा. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, आणि चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का ते पाहायचं. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने तळव्याची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा एक तंतू तळव्यावर टेकवतात, दोन मिनिटांचं काम आहे.

पाऊलवाट
मधुमेह नसेल तर वज्री चालते का?

मधुमालती
दगडाची, मऊ. अंघोळीनंतर, ओल्या टाचेवर, एकाच दिशेने चारपाच वेळा, आठवड्यातून एकदा. आरपार गुळगुळीत करायला गेलात तर कातडी उलट जाड येते, दाबाला तिचं ते उत्तर असतं.

लुगडं_नऊवार
अवांतर वाटेल, पण नाही. कमरेकडे कोणाचं लक्ष जात नाही. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधली की तिथे काळपट, खवल्यांचा पट्टा उमटतो. वयस्क बायका तो दाखवत नाहीत, खाजेला पावडर लावून सोडून देतात. त्या जागी कायम घर्षण, घाम आणि धूळ यांनी जखम होत राहिली तर क्वचित तिचा कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ साली धोतराच्या गाठीखालच्या अशाच कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी साडीच्या बाबतीतल्या अशा दोन रुग्ण स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली.

करायचं सोपं आहे. बारीक दोरीऐवजी तीनचार बोटं रुंद कापडी पट्टी किंवा रुंद इलॅस्टिक. गाठीची जागा रोज बदला, आज डावीकडे, उद्या मागे. घरी असताना सैल गाऊन. त्वचेवरच्या काळपट पट्ट्यावर रोज क्रीम. आणि त्या जागेवरची जखम चार आठवड्यांत भरली नाही तर थेट डॉक्टर.

माजघर
लुगडं_नऊवार, हे पहिल्यांदाच वाचलं. आजच सगळ्यांच्या परकरांना पट्टी शिवायला काढते. याच ओघात टिकलीचंही लिहा कोणीतरी, कपाळावर पांढरा डाग पडतो तो.

त्वचावैद्य
चिकट टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटिलफिनॉल नावाचं द्रव्य असू शकतं. काही जणींमध्ये ते रंगपेशी मारतं. डाग टिकलीच्याच आकाराचा दिसतो. लगेच बंद केली तर काहींना रंग परत येतो, पुढे रेटली तर डाग आजूबाजूला पसरतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली असेच डाग पडतात, त्यामागे रबरातली रसायनं. केसांच्या काळ्या रंगाचंही सांगून ठेवतो. त्यातल्या पीपीडी या रंगद्रव्याची अॅलर्जी पन्नास वेळा लावून झाल्यावरही येऊ शकते. दर वेळी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा.

निवारा
अंथरुणावरच्या रुग्णांबद्दल सईने विचारलं होतं.

पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर, ही पद्धत अजून चालते. बंद करा. स्पिरिट त्वचा वाळवतं. माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर लाली आली असेल तर तिथे मालिश करणं आणखी वाईट, आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आधीच दबलेल्या असतात. लालीवर बोट तीन सेकंद दाबून सोडा. जागा फिकी होऊन परत लाल झाली तर कूस आणखी लवकर लवकर बदला. फिकी होतच नसेल तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताने पाहा: शेजारच्यापेक्षा ऊन, टणक किंवा मऊ पिलपिलीत लागते का, रंग जांभळट आहे का.

कूस साधारण दर दोन तासांनी बदला. पूर्ण कुशीवर नको, ३० अंश कलतं, पाठीमागे उशीचा आधार देऊन. घोट्यांच्या वर पोटरीखाली उशी द्या, म्हणजे टाच हवेत राहते. मधे भोक असलेली गोल उशी वापरू नका, भोकाच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. रुग्णाला वर सरकवताना ओढू नका, खालच्या चादरीसकट दोघांनी उचला.

डायपर असेल तर प्रत्येक वेळी साबण नको. कोमट पाण्याचं ओलं मऊ फडकं, टिपणं, मग झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात. पुढच्या वेळी सगळं खरवडून काढायचं नाही, मळलेला वरचा थर पुसा आणि वर पुन्हा लावा.

धन्वंतरी_शेजारी
पातळ त्वचा नुसत्या धक्क्याने पापुद्र्यासारखी सोलवटते, त्याचं प्रथमोपचार?

निवारा
सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने धुवा. रक्त दाबून थांबवा. सुटलेला पापुद्रा कापू नका, तीच सगळ्यात चांगली पट्टी आहे. ओल्या कापसाच्या काडीने तो हळूच जागेवर सरकवा, ओढून ताणू नका. वर न चिकटणारी जाळी किंवा सिलिकॉन ड्रेसिंग आणि सैल गुंडाळलेलं बँडेज. त्वचेला चिकटपट्टी लावायची नाही. आधीच लावली असेल तर काढताना वर उचलू नका. तेल लावून सैल करा, एका बोटाने त्वचा दाबून धरा आणि पट्टी त्वचेला समांतर, हळू मागे दुमडत न्या.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वृद्धनिवासांत एक अभ्यास झाला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. हातापायांना दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावलेल्यांत अशा जखमा जवळजवळ निम्म्याने घटल्या. एवढं साधं काम आहे.

टोरांटोकर
हिवाळ्यात इकडे येणाऱ्या आईवडिलांसाठी: हीटिंगने घरातली हवा पुण्याच्या डिसेंबरपेक्षा कितीतरी कोरडी होते. ह्युमिडिटी ३० ते ४० टक्के ठेवा. ह्युमिडिफायरचं पाणी रोज बदला, नाहीतर त्यात बुरशी धरते. लोकरी स्वेटर अंगाला थेट नको, आत सुती पूर्ण बाह्यांचा बनियन.

रानवारा
आणि उन्हाळा? विदर्भात तर आजोबा मंडळी दुपारी बँकेत जाऊन येतात.

त्वचावैद्य
पूर्ण बाह्या, छत्री किंवा रुंद काठाची टोपी, आणि काम सकाळी दहाच्या आत. उघड्या भागाला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, दर दोन तासांनी पुन्हा. कानाच्या पाळ्या आणि टक्कल विसरतात सगळे.

औषधपेटी
कळकळीने एक सांगायचं आहे. खाज आली की दुकानातून 'ती लाल-पांढरी ट्यूब द्या' म्हणू नका. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड अशी तिन्ही एकत्र असलेली मलमं पहिल्या दोन दिवसांत खाज थांबवतात, म्हणून लोकप्रिय आहेत. नायटा असेल तर स्टिरॉइडखाली तो दबून पसरत राहतो आणि त्याचं रूप इतकं बदलतं की ओळखू येत नाही. जांघेत आणि मांडीवर कायमचे पट्टे पडतात, आणि आधीच पातळ असलेली म्हातारी त्वचा कागदासारखी होते. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. दुकानदार देत असेल तरी घेऊ नका.

त्वचावैद्य
औषधपेटींना पूर्ण अनुमोदन. डॉक्टर कधी, हा सईचा प्रश्न राहिला होता.

दोन आठवडे नीट क्रीम लावूनही खाज कमी होत नाही, किंवा अंगावर पुरळ नसताना सहा आठवडे खाज आहे, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, साखर आणि रक्ताची तपासणी लागते. चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या, काही औषधांनीही खाज येते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती असलेली खाज आणि घरात आणखी कोणी खाजवतंय, तर खरूज समजा. परमेथ्रिन ५ टक्के मलम रात्रभर, वयस्कांना डोळे आणि तोंड सोडून डोक्या-चेहऱ्यालाही, आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. नंतर दोनचार आठवडे खाज रेंगाळते. तेवढ्यावरून औषध परत परत लावत बसू नका.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग होऊन फोड आले तर नागीण. गेरू, लेप यात दिवस घालवू नका. विषाणूरोधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर उपयोग जास्त. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी जा.

वयाच्या चामखिळी आणि लाल ठिपके निरुपद्रवी. पण नाकाजवळ मोत्यासारख्या चकचकीत कडेचा काळपट फोड, तळपायावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग, चार आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम, हे दाखवायचंच. आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, बऱ्याचदा तळपायावर निघतो आणि तळपाय कोणी बघत नाही.

सिडको_अण्णा
रोज अंघोळ करावी की एकाआड एक? घरात यावर वाद आहे.

विसण
थंडीत, घाम नसेल तर, त्वचेच्या दृष्टीने एकाआड एक पुरते. पण पूजा असेल, मनाला बरं वाटत असेल तर रोज करा, फक्त साबण एकाआड एक. अंघोळ नसेल त्या दिवशी काखा, जांघा आणि पावलं ओल्या फडक्याने. आणि क्रीम त्या दिवशीही, हातपाय ओल्या पंचाने दमट करून.

सई_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. आज ५०० ग्रॅमचा डबा आणलाय. शेवटची शंका: एवढा मोठा डबा दोघं वापरणार, बोटं घातली तर खराब नाही होणार?

औषधपेटी
होतो. ओली बोटं गेली की आत जंतू जातात, आणि भेगांची बोटं असतील तर उलट दिशेनेही. स्टीलचा कोरडा चमचा डब्याबरोबर ठेवा, रोज धुऊन पूर्ण वाळवा. सकाळी त्याच चमच्याने दिवसाचं क्रीम दोन वेगळ्या वाट्यांत काढा, म्हणजे कोणाला किती गेलं तेही दिसतं. डब्यावर उघड्या झाकणाच्या चित्रात ६ किंवा १२ असा आकडा असतो, तो उघडल्यानंतरचे महिने सांगतो. आजची तारीख झाकणावर मार्करने लिहून ठेवा, बाजूला लिहिली तर तेलकट हाताने आठवड्यात पुसते.